डाउनविंडला दुसरा शब्द नाही

गिरगावातल्या आमच्या छापखान्यात तुळशीदास माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. तो संगणकावर पानं लावायचा आणि मी त्या पानांची प्रुफं तपासायची. त, द, ट, ड असलं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटून बसे आणि मान एका बाजूला कलंडे. पण हे मला कळायला बरेच महिने गेले, कारण तो अडायचाच नाही. अडण्याआधी वाट बदलायचा. दादर म्हणायचं असेल तर 'शिवाजी पार्कच्या अलीकडे' म्हणायचा. 'डबा आणलाय' न म्हणता 'जेवण आणलंय' म्हणायचा. माझं सगळं आयुष्य शब्दांत गेलं, पण एका शब्दाला इतके पर्याय मी कुणाकडे पाहिले नाहीत. फोन वाजला की मात्र त्याला हमखास बाहेर काम निघायचं.

त्याचे वडील धोंडू लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नसे. तिथले कामगार एकमेकांच्या ओठांकडे आणि हातांकडे बघून बोलायचे. बऱ्याच वर्षांनी धोंडूंचे कान गेले तेही त्याच आवाजाने. घरी आल्यावरही ते मुलाच्या तोंडाकडे बघूनच त्याचं बोलणं समजून घ्यायचे. शाळेत पोरं हसत, मास्तर वाक्य पुरं करत. पण बापासमोर तुळशीदासला शब्द बदलावा लागत नसे. ओठ अडले तर बाप थांबायचा.

ब्याऐंशी साली संप झाला तेव्हा तो नववीत होता. संप संपल्याचं कुणी सांगितलं नाही, पण गिरणीनं धोंडूंना परत घेतलं नाही. कोकणात गावी जायचं त्यांनी नाकारलं आणि भायखळ्याच्या बाजारात भाजीच्या पाट्या उचलल्या. दहावी झाल्यावर तुळशीदास आमच्या छापखान्यात खिळे जुळवायला आला. एकेक अक्षर उचलून ओळीत बसवायचं, तोंड उघडायची गरज नाही. ते काम त्याला मानवलं. पुढे खिळे गेले, संगणक आले, तो तेही शिकला. लग्न झालं. लालबागच्या त्याच खोलीत वडील, बायको नलू आणि तो असे राहत होते.

दोन हजार पाचच्या सुमारास आमच्याकडे एक पुस्तिका छपाईला आली. घरच्या संगणकावर विमान उडवायला शिकवणारी, मराठीतली. त्यातली आकृती तुळशीदासने काढली: मधोमध धावपट्टी आणि तिच्याभोवती एक लांबट चौकोन. वाऱ्याकडे तोंड करून उडायचं, डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे वळून धावपट्टीला समांतर उलटं जायचं. या बाजूला म्हणतात डाउनविंड. मग आणखी दोन वळणं घेऊन समोर दिसणाऱ्या धावपट्टीवर उतरायचं. शिकाऊ वैमानिक ही चक्कर पुन्हा पुन्हा मारतात. आकृती झाली तरी तो तिच्याकडे बघत बसला होता.

छापखान्यात नवे संगणक आले तेव्हा मालक रघुवीररावांनी एक जुना त्याला घरी नेऊ दिला. लॅमिंग्टन रोडवरून त्याने विमानाची सीडी आणि एक वापरलेली दांडी आणली. दांडी म्हणजे जॉयस्टिक. नलू तिला गिअर म्हणायची.

पहिले काही आठवडे तो नुसता आपटत होता. शेवटच्या वळणावर उशीर व्हायचा आणि धावपट्टी बाजूलाच राहायची. वळण साधलं तर उंची जास्त असायची. मग तो नाक खाली दाबायचा, वेग वाढायचा आणि विमान धावपट्टीवरून तरंगत समुद्रावर जायचं. जुहूची छोटी धावपट्टी त्याने निवडली होती. जेवणाच्या सुट्टीत तो मला टेबलावर हात फिरवून चूक कुठे झाली ते दाखवायचा. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की घोळ उतरताना होत नाही, तो आधीच्या बाजूलाच झालेला असतो. डाउनविंडवर उंची आणि वेग बांधून ठेवले, धावपट्टीचं टोक खांद्याशी आलं की इंजिन कमी केलं, तर पुढचं सगळं आपोआप जुळत जातं. पावसाळा संपेपर्यंत विमान उतरायला लागलं. उड्या मारत, पण उतरायला लागलं.

इथवर त्याला कुणाशी बोलावं लागलं नव्हतं. पण पुस्तिकेच्या शेवटच्या भागात लिहिलं होतं की इंटरनेटवर हौशी वैमानिकांचं एक मंडळ आहे. ठरलेल्या वेळी कुणीतरी आपापल्या घरी बसून नियंत्रकाचं काम करतो आणि वैमानिकांनी माइकवरून त्याच्याशी खरोखरीच्या नियमांप्रमाणे बोलायचं. चाळीतल्या केबलवाल्याकडून इंटरनेट घेऊन तुळशीदास एका रविवारी तिथे गेला. उडाला, वळला, समांतर आला. आता आपण कुठे आहोत ते कळवायला 'डाउनविंड' म्हणायचं होतं. शब्द आला नाही. नियंत्रकाने पुन्हा सांगायला सांगितलं. शब्दाबरोबर त्याचा हातही थिजला, विमान सरळच्या सरळ जात राहिलं आणि त्याने संगणक बंद केला.

सोमवारी त्याने हे मला सांगितलं तेव्हा मी सुचवलं की एकट्यानेच उडवावं, नाहीतर लिहून कळवायची सोय असेल तर ती वापरावी. ती सोय होती. त्याला माहीतही होतं.

तो म्हणाला, "सगळीकडे मी वेगळा शब्द शोधतो, मॅडम. डा… डाउनविंडला दु… दुसरा शब्द नाही. म्हणून हाच म्हणायचाय."

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत रोज सराव सुरू झाला. डबा बाजूला सारून तो टेबलावर चौकोनात हात फिरवायचा आणि प्रत्येक बाजूला जे कळवायचं ते मोठ्याने म्हणायचा. पहिल्याच दिवशी तो अडला आणि अपुऱ्या ओळी पुऱ्या करायच्या सवयीने मी शब्द पुरवला. त्याने हात वर करून मला थांबवलं आणि सुरुवातीपासून पुन्हा घेतलं. पुढे मी पोळीचा घास हातात धरून गप्प बसायला शिकले. ते वाटतं तितकं सोपं नाही.

घरी वडिलांसमोर सराव व्हायचा. धोंडूंना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ते खाटेवर बसून लेकाच्या ओठांकडे बघायचे. नलू सांगत होती, एकदा शब्द अडल्यावर तुळशीदासने तोंड मिटून मान फिरवली, तर म्हातारा उठून त्याच्यासमोर जाऊन बसला.

"तोंड कित्याक मिटतस? शब्द येता हा. माका दिसता."

थंडीच्या दिवसांत एका रविवारी त्याने मला लालबागला बोलावलं. आज पुन्हा मंडळावर जाणार म्हणाला. मी गेले तेव्हा नलू मेथी निवडत होती आणि धोंडू खाट सरकवून अशा जागी बसले होते की त्यांना मुलाचा चेहरा दिसावा. तुळशीदासने कानांवर काही लावलं नाही, स्पीकर चालू ठेवला. सगळ्यांना ऐकू येईल, मी म्हणाले. येऊ दे, तो म्हणाला.

नियंत्रकाचा आवाज तरुण होता, इंग्रजी ठरावीक, पण उच्चार आपल्याकडचे. उड्डाणाची परवानगी मिळाली. विमान समुद्रावर गेलं, वळलं, पुन्हा वळलं. पडद्यावर डावीकडे धावपट्टी दिसायला लागली. तुळशीदासने माइकचं बटण दाबलं आणि त्याची मान कलली. ड. ड. नलूचे हात मेथीत थांबले होते. माझ्या जिभेवर तो शब्द तयार होता, मी दात आवळले.

त्याचा हात मात्र थांबला नाही. धावपट्टीचं टोक खांद्याशी आलं तसं त्याने इंजिन कमी केलं, उंची सांभाळली, आणि ओठ तसेच त्या अक्षरावर ठेवले.

"ड… डा… डाउनविंड."

नियंत्रकाने पोच दिली आणि शेवटच्या टप्प्यावर आल्यावर कळवायला सांगितलं. काही झालंच नाही अशा सुरात. दोन वळणं झाली, धावपट्टी समोर आली, उंची बरोबर होती. तेवढ्यात त्याच्या आधी उतरलेलं विमान धावपट्टीवरच रेंगाळलं आणि नियंत्रकाने उतरू नका, वर जा असं सांगितलं. याचा सराव टेबलावर झाला नव्हता. तुळशीदासने इंजिन पूर्ण दिलं, नाक उचललं, मग बटण दाबून 'गोइंग अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा चक्कर घेतोय, असं उत्तर द्यायला गेला आणि 'गोइंग'च्या 'ग'वर अडकला. ते अक्षरही त्याला अडवतं, हे मला त्या दिवशी कळलं. सेकंद जात होते. तो बटण सोडून श्वास घ्यायला लागला तेव्हा स्पीकरमधून नियंत्रकाचं मराठी आलं.

"सावकाश. आधी विमान सांभाळा, मग बोला. नियम सगळ्यांना तोच आहे."

तुळशीदासने विमान सरळ केलं, उंची गाठली, आणि मग तो शब्द तुकड्यातुकड्यांनी म्हटला. त्याने नंतर मला सांगितलं की 'मग बोला' हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. लोक 'बोला' म्हणायचे, नाहीतर 'राहू द्या' म्हणायचे.

दुसऱ्या चक्करीत तो उतरला. चाकं एकदा टेकली, उसळली, पुन्हा टेकली. धोंडूंना आवाज ऐकू येत नव्हता, पण पडदा दिसत होता. त्यांनी खाटेच्या कडेवर हात आपटला. नलूने चहा ठेवायला म्हणून पातेलं उचललं.

नियंत्रकाने विचारलं, आता थांबणार का? माझ्या मते थांबायला हरकत नव्हती. मी तसं म्हणालेही. तुळशीदासने कपाळ पुसलं, बटण दाबलं आणि आणखी एक चक्कर मागितली. मागतानाही अडला.

त्या चक्करीत डाउनविंड पहिल्यापेक्षा जास्त अडला. इतका की धावपट्टीचं टोक येऊन मागे गेलं, इंजिन कमी झालं, विमान उतरायला लागलं आणि शब्द अजून अर्धाच होता. नियंत्रक थांबला होता, आम्ही थांबलो होतो. तुळशीदास डाव्या हाताने वेग सांभाळत, उजव्याने दांडी किंचित कलवत वळणावर आला आणि वळता वळता त्याने उरलेला शब्द पुरा केला.