आठवी ओळ

यांच्या थोरल्या बहिणीला, माझ्या वन्संना, तेविसाव्या वर्षी कुष्ठरोग झाला आणि सासरच्यांनी त्यांना ट्रंकेसकट आमच्या दारात आणून सोडलं. औषधाने रोग गेला. बरं झाल्याचा डॉक्टरांचा कागदही आला. पण लोकांच्या मनाला कुठलं औषध? परसातली खोली, वेगळा कप, वेगळी ताटली. अशी तीस वर्षं गेली.

"माझा कप कुणी फोडत नाही बघ," वन्सं म्हणायच्या. "राजेशाही थाट आहे माझा!"

त्या खोलीत त्या कविता लिहायच्या. बोटं आखडलेली, त्यांना स्पर्श कळत नाही. सकाळची प्रार्थना आटोपली की मी पेन त्यांच्या तळहाताला कापडी पट्टीने बांधायची. पट्टी सोडताना कुठे फोड आलाय का, तेही बघायची. त्यांना दुखलेलं कळायचंच नाही ना. प्रत्येक कविता आठ ओळींची. अक्षर एवढं मोठं की पानावर सात ओळी मावायच्या, आठवी पानामागे जायची.

साठ कविता झाल्या तेव्हा आम्ही त्या छापायला दिल्या. छापखान्याचा मालक म्हणाला, "छापतो, पण बाईंचं नाव नको. त्यांचा आजार सगळ्यांना माहीत आहे. पुस्तकाला हात कोण लावणार?"

यांनीही मान डोलावली. वन्संनी नाही. "तीस वर्षं मागच्या दाराने राहिले. नाव नसेल तर पुस्तकही नको."

मालकाने तरीही प्रुफं पाठवली, बिननावाची. वन्संनी ती चाळली आणि उठल्याच. "चल गं."

दवाखाना सोडून त्या कुठेही गेल्या नव्हत्या. भर दुपारी बाजारातून आम्ही दोघी निघालो. मी देवाचं नाव घेत होते. वन्सं दुकानांच्या पाट्या वाचत होत्या.

छापखान्यात म्हातारा कंपोझिटर अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होता. वन्संची पानं त्याच्यासमोर दोरीला टांगलेली.

"दादा, माझी शेवटची ओळ कुठंय?"

"कुठल्या कवितेची?"

"सगळ्यांचीच."

"बाई, चाळीस वर्षं हे काम करतोय. एक मात्रा सुटलेली नाही."

"मात्रा कुठे सुटली? अख्ख्या ओळीच सुटल्यात. पान उलटा."

तो हलला नाही. मग वन्संनीच एकामागून एक आठव्या ओळी म्हणायला सुरुवात केली. सगळ्या तोंडपाठ. "कडी बाहेरून लावलीत, खोली आतून उघडीच आहे," ही ओळ आली तेव्हा यंत्रावरच्या माणसाने यंत्र बंद केलं.

म्हाताऱ्याने एक पान काढलं, हातात घेतलं, उलटलं. मागची ओळ वाचली.

"चुकलो, ताई. हात लावायला घाबरलो." मग मालकाकडे वळला. "शेठ, ओळी मी खाल्ल्या. आता नावही खायला लावू नका. नाव नसेल तर दुसरा माणूस बघा."

मालकाने आमच्याकडे पाहिलं, बंद यंत्राकडे पाहिलं. "लाव बाबा नाव, लाव!"

"टाईप कुठला लावू, ताई?"

"असेल त्यातला सगळ्यात मोठा."

त्याने एकेक खिळा निवडून नाव जुळवलं, शाई फिरवली, ठसा काढला. ओला कागद मी घ्यायला पुढे झाले, पण त्याने तो वन्संच्या हातात दिला.

त्यांनी तो उजेडाकडे धरून सावकाश वाचला.

"बरोबर आहे," म्हणाल्या. "छापा."