गोचीड फोडणारा म्हातारा

तेव्हा राजधानी असलेल्या नागपुरात बसलेल्या सरकारला वऱ्हाडातला गोचीडताप दिसत नव्हता, म्हणून त्याची पत्रकं आम्ही कार्यकर्त्यांनीच छापली. ती उंद्रीच्या बैलबाजारात वाटताना तो म्हातारा भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं. बैलाच्या कानामागची गोचीड तो अलगद काढी, अंगठ्याच्या नखावर चट्टकन फोडी आणि बोट धोतराला पुसे. मी भडकलो.

"आजोबा, तिच्यात रोग असतो! बोटाला चीर असली तर तिथूनच ताप शिरतो."

"माह्या बैलाचंच रगत हाय ते. त्याची काऊन किळस करू?"

गेल्या उन्हाळ्यात तो स्वतःच तापानं फणफणला होता, तळहातांवर पुरळ उठलं होतं. तेव्हा परक्या हातचं पाणी बैलानं तोंडी लावलं नाही, हेही त्यानंच कौतुकानं सांगितलं.

"मग पुन्हा पडलात तर याला पाणी कोण पाजणार?"

त्याचं नख थांबलं. मी सांगितलं, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, घासलेटात टाका, हात साबणानं धुवा, स्वतःचंही अंग तपासा. त्यानं कंदिलातलं घासलेट करवंटीत ओतलं, हातातली गोचीड त्यात सोडली आणि बैलाचा कान माझ्याकडे वळवला.

"मले समजलं. आता याले वाचून दाखव. नाई तं म्हणन, बुढ्यानं माहं रगत फेकून देलं."

मी चिडूनच, पण खणखणीत आवाजात, बैलाला अख्खं पत्रक वाचून दाखवलं. सकाळपासून मला टाळून जाणारी माणसं हसत भोवती जमली, आणि वाचन संपेपर्यंत बाह्या सरकवून आपापली अंगं चाचपू लागली.