उत्तर इराक म्हणजे नेमकं कुठे

रामदास मेश्राम यांनी नागपुरात निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. २००५च्या उन्हाळ्यात ते मुलीकडे जर्मनीत हायडेलबर्गला राहायला आले. प्राची कर्करोगावर संशोधन करायची, दिवसभर लॅबमध्ये असायची. घरच्या टीव्हीवर त्यांना समजेल असं एकच चॅनल होतं, अमेरिकन बातम्यांचं.

त्यांनी ते चिकाटीने पाहिलं. एक दुपारभर हेलिकॉप्टरमधून एक पळणारी गाडी आणि तिच्या मागचे पोलीस दिसले. दुसऱ्या दिवशी एका नटीच्या घटस्फोटावर चार वकील बोलले. इराकमध्ये युद्ध चालू होतं. ते पडद्याच्या खालच्या पट्टीतून सरकत होतं.

"नकाशा दाखवत नाहीत," ते प्राचीला म्हणाले. "नुसतं 'उत्तर इराक' म्हणतात आणि टूथपेस्टची जाहिरात लावतात. उत्तर इराक काय लहान आहे?"

"आल्झो बाबा, बंद करा ना मग." प्राचीच्या मराठीत हा जर्मन 'आल्झो' सवयीने यायचा.

"बंद केलं तर कळणार कसं?"

"आता काय कळतंय?"

टीव्ही चालूच राहिला.

खालच्या मजल्यावर डेनीस राहायची. तिचा नवरा मार्कस अमेरिकन सैन्यात होता, गावातल्या तळावरून इराकला गेलेला. जिन्यात रामदासांशी तिचं हवामानावर बोलणं होई. जुलैमधल्या एका सकाळी तिने दार वाजवलं. चेहरा पांढराफटक. उत्तर इराकमध्ये सैन्याच्या गाडीखाली स्फोट, एवढंच पट्टीत आलं होतं. त्यानंतर पडद्यावर शार्क माशाने कुणाचा तरी पाय चावल्याची चर्चा रंगली होती. तळावर फोन लागत नव्हता.

"तुम्ही भूगोलाचे शिक्षक ना?" तिने विचारलं.

रामदासांनी तिला बसवलं. आल्यापासून बॅगेतच राहिलेला आपला शॉर्टवेव्ह रेडिओ खिडकीशी धरून लंडनचं केंद्र लावलं. निवेदिकेने गावाचं नाव एकदाच घेतलं. त्यांनी प्राचीचा ॲटलस उघडून ते शोधलं.

"मार्कस कुठे असतो?"

"सांगायची परवानगी नाही त्याला." ती थांबली. "पण झोपायच्या जागेवरून मोठी नदी दिसते म्हणाला होता."

रामदासांनी टायग्रिसवर बोट ठेवलं आणि तिथून ते गावापर्यंत सावकाश नेलं. मध्ये बराच कोरडा प्रदेश होता.

"इथून नदी दिसणार नाही," ते म्हणाले.

डेनीस नकाशाकडे बघत राहिली. "म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी नवरा," ती म्हणाली.

रामदास चहा ठेवायला उठले.

संध्याकाळी मार्कसचा फोन आला. तेव्हापासून डेनीस बातम्यांच्या वेळेला वर येऊ लागली, कधी केक घेऊन. दोघं रेडिओ ऐकत, गावं शोधत, आणि सापडलेल्या गावाबद्दल फारसं बोलत नसत.

मार्कस नाताळच्या आधी सुखरूप परतला. तोवर रामदास नागपूरला पोचले होते. प्राचीने फोनवर सांगितलं तेव्हा ते "बरं झालं" एवढंच म्हणाले. मग तिकडून रेडिओवर लंडनचं केंद्र शोधल्याची नुसती खरखर ऐकू आली. लाइन तुटली असं समजून प्राचीने दोनदा "बाबा" म्हटलं.

"आहे मी," ते म्हणाले.