केरीच्या किनाऱ्यावरचा एक वाटा

मागच्या फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की आई फक्त गोव्याला आल्यावरच मासे का खाते आणि तिकडे घरात कधीच का शिजवत नाही. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे. शेवट तुम्हाला माहीतच आहे, कारण तुम्ही आहात. त्या दिवशी मला तो माहीत नव्हता, एवढं वाचताना लक्षात असू द्या.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आगेमागेची गोष्ट. आम्ही डिचोलीत राहत होतो. माझी लेक, म्हणजे तुमची आई, शाळेत शिकवत होती आणि तुमचे बाबा शिरगावजवळच्या एका खाणीच्या कचेरीत नोकरीला होते. त्या दोघांचं लग्नाचं ठरलं होतं. बाबांच्या आईचं ठरलं नव्हतं. बेळगावच्या आजी तेव्हा नुकत्याच चार दिवसांसाठी मुलाकडे आल्या होत्या. कांदेपोहे, बघणं-दाखवणं असं काही करायचं नाही, असं तुमच्या आईने बजावलं होतं. मग मी सुचवलं की सगळ्यांनी मिळून एक दिवस पेडण्याच्या किनाऱ्याने सहज फिरून यावं. जमलं तर उत्तम, नाहीतर फिरायला गेलो होतो म्हणायचं. कोणाचाच मान जाणार नाही.

सहज फिरण्याची तयारी मी आठवडाभर करत होते. बेळगावच्या आजींच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. आम्ही मासे खातो हे त्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि डोळ्यांसमोर येणं वेगळं. म्हणून डबा पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि मुगाच्या उसळीचा. पोदेराचा, म्हणजे गावच्या पाववाल्याचा, पावही घेतला नाही, कारण तो पीठ माडाच्या सुरेने फुगवायचा. हरमलला थांबायचं नाही, असं टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, कारण तिथल्या तळ्यावर परदेशी लोक कपड्यांशिवाय आंघोळ करतात असं ऐकलं होतं. सरळ केरीला जायचं, सुरूच्या बनात बसायचं आणि परत यायचं.

तुमच्या आजोबांनाही एक ताकीद दिली होती. त्या वर्षांत भाषेवरून घराघरांत भांडणं होती. आपण बोलतो कोंकणी, लिहितो मराठी. पण राज्याची भाषा कोणती, यावर आजोबांचं मत कोंकणीच्या बाजूचं आणि आवाज मोठा. समोरची बाई बेळगावची, मराठीसाठी तिच्याही घरातल्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्लेल्या. तो विषय काढायचा नाही, आणि माशांचाही नाही, असं मी त्यांना म्हटलं.

"मग दर्यावर पण चादर घालूया," ते म्हणाले. "वास येतो त्याला."

कोलवाळचा पूल ओलांडेपर्यंत ठीक चाललं. मी पुढच्या सीटवर होते आणि टॅक्सीच्या आरशात मला बेळगावच्या आजींचा चेहरा दिसत होता. दिवसभर मी समुद्रापेक्षा तो चेहराच जास्त पाहिला. एका भिंतीवर भाषेची घोषणा रंगवलेली होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि "तुमच्याकडेही हेच का?" असं विचारलं. आजोबांनी तोंड उघडलं, माझ्या ताठ झालेल्या मानेकडे पाहिलं आणि काजूची झाडं दाखवायला लागले. पुढे एका गावात रस्त्याच्या कडेला सुकी मासळी वाळत घातली होती. मी काच वर करायला गेले तर ती अर्ध्यावर अडकली. आजींनी पदर नाकाला लावला.

केरीला सावली होती, वारा होता, समोर तेरेखोलचा किल्ला दिसत होता. जेवणं झाली. आजींनी मुगाची उसळ दोनदा घेतली, तेव्हा मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात तुमची आई म्हणाली की ती पाण्यात पाय भिजवून येते. बाबा तिच्यामागे गेले. दोघं जरा बोलतील, चांगलंच आहे, असं मला वाटलं.

किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. रापण म्हणजे होडीने समुद्रात लांबवर टाकलेलं मोठं जाळं. त्याचे दोन्ही दोर बायका-पुरुष वाळूत उभे राहून ओढतात. मी डबे आवरून वर पाहिलं, तर तुमच्या आईने ओढणी कमरेला बांधली होती आणि ती दोराला लागली होती. तिच्यामागे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बाबा.

मी डबे सोडून उभी राहिले, आणि का ते तुम्हाला सांगायला हवं. आपल्या किनाऱ्यावर रीत अशी आहे, की रापणीच्या दोराला ज्याने हात लावला त्याला माशांचा वाटा मिळतो, मग तो वाटेने जाणारा का असेना. तो मजुरी नाही की भीक नाही. तो नाकारला तर ओढणाऱ्या सगळ्यांचा अपमान होतो. म्हणजे जाळं वर आलं की मासे माझ्या मुलीच्या हातात येणार होते, आणि ते नको म्हणता येणार नव्हतं.

जाळं फार हळू येतं. पाण्यात त्याची कमान दिसते, ती बारीक होत जाते, घिरट्या घालणारे पक्षी खाली येतात. मी म्हटलं, उशीर होईल, निघायला हवं. वारा बाधेल म्हटलं. आजोबा पालथे पडून हसू लपवत होते.

"बसूया की वहिनी," बेळगावच्या आजी म्हणाल्या. "मुलं रमलीत."

आणि जाळं काठाला लागलं तेव्हा त्याच उठल्या. असलं कधी पाहिलं नव्हतं म्हणाल्या. मी छत्री घेऊन मागे धावले. ओल्या वाळूत तारले आणि बांगडे उसळत होते. त्यांनी पदर नाकाला लावला, पण पाय मागे घेतला नाही.

वाटे घालणारी एक म्हातारी कोळीण होती. ओंजळीओंजळीने ती वाळूवर ढीग मांडत गेली. तुमच्या आईबाबांसमोर येऊन थांबली आणि दोघांकडे पाहत विचारलं, "हीं दोगां एका घरचीं काय दोन?"

आजींनी मला अर्थ विचारला. एका घरातून कितीही जण दोराला लागले तरी वाटा एकच मिळतो, म्हणून ती विचारते आहे, असं मी सांगितलं. दोन म्हण, असं मी मुलीला डोळ्यांनी खुणावत होते. दोन म्हटलं तर प्रश्न तिथेच मिटला असता आणि आम्ही नुसते फिरायला आलेले लोक राहिलो असतो. पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती आजींकडे पाहत होती.

"तू खातेस?" आजींनी तिला विचारलं.

"खाते. सोमवार सोडून."

"आमच्या घरात शिजत नाही. माझ्यामागेही शिजायला नको."

तुमच्या आईच्या हाताला दोराचे वळ उठले होते, ते ती चोळत राहिली. तिच्या वतीने मीच हो म्हणणार होते. आजोबांनी माझा दंड धरला.

"तुमच्या घरात शिजवणार नाही," ती म्हणाली. "पण आईकडे आले की खाईन. आणि ते लपवून ठेवणार नाही."

आजींनी मुलाकडे पाहिलं. तो वाळूत पायाच्या अंगठ्याने रेघा ओढत होता. कोळणीला त्याचा राग आला असावा.

"दोर ओढूंक बळ आसा, तोंड उगडूंक ना?" ती म्हणाली. बायका हसल्या. बाबा लाल झाले आणि आईकडे बघून कसंबसं म्हणाले, की तिला चालत असेल तर त्यांना एकच वाटा हवा आहे.

"एकच घाला," बेळगावच्या आजी म्हणाल्या. "आणि तो यांच्या घरी जाऊ दे."

परतताना मासे ओल्या गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवले होते. वास पुढपर्यंत येत होता. मी आरशात पाहत होते. आजींनी पदर नाकाला लावलेलाच होता. खिडकीची काच मात्र त्यांनी स्वतः खाली करून घेतली आणि पेडण्यापर्यंत त्या आजोबांना भाषेबद्दल विचारत राहिल्या. आजोबा मोठ्या आवाजात सांगत राहिले. त्या कुठेही सहमत झाल्या नाहीत.

रात्री तुमच्या आईने ते बांगडे पोटभर खाल्ले. मी माझ्या ताटातला बांगडाही तिलाच वाढला.

बेळगावच्या आजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुमचं घर तुमच्या आईचंच आहे, आणि तिथे तिला अडवणारं कोणी नाही. तरी ती शिजवत नाही. मी एकदा म्हटलं, की आता पुरे, तेव्हा तो शब्द मला नाही, आजींना दिला होता, याची तिने मला आठवण करून दिली आणि विषय बदलला. ती सुखाने पाळते की नुसतीच पाळते, हे मला कळत नाही. या मे महिन्यात याल तेव्हा मी बांगडे आणून ठेवीन. तिच्या ताटात वाढताना मी अजूनही आधी तिच्या चेहऱ्याकडे बघते.