रजईखालचा कॉम्प्युटर

लहानपणी तिचा आवाज तीन घरं ओलांडून जायचा, म्हणून घरात तिचं नाव पडलं भोंगा. धाकट्या भावाने त्याला ताई जोडलं आणि ती कायमची भोंगाताई झाली. पुढे त्याच आवाजावर तिचं पोट चाललं. अंध वाचकांच्या ग्रंथालयात ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, एकदा तर अख्खं आयकराचं पुस्तक. तेही तिने असं रंगवून वाचलं की ऐकणारे म्हणाले, आता कर भरावासा वाटतो.

रेकॉर्डिंगची खोली लहान आणि कॉम्प्युटरचा पंखा दांडगा. त्याची घरघर माइकमध्ये शिरायची. म्हणून दार लावायचं, घोटभर पाणी प्यायचं, कॅबिनेटवर जाड रजई टाकायची आणि वाचायला बसायचं. एक प्रकरण झालं की रजई काढायची, त्याला श्वास घेऊ द्यायचा. वर्षानुवर्षं हाच क्रम.

ग्रंथालय बंद पडलं तेव्हा कॉम्प्युटर भंगारात निघाला होता. ती तो घरी घेऊन आली, कारण तिची सगळी पुस्तकं त्याच्यातच होती. लोकांना वाटलेल्या रेकॉर्डिंगच्या सीडी कधीच ओरखडून गेल्या होत्या. घरात श्रोता तयारच होता. आईची दृष्टी तोवर पार गेली होती.

मग भोंगाताईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. आई माणसं ओळखायची ती आवाजावरून. आता लेक शेजारी येऊन बसली तरी ती हवेत हात फिरवून विचारायची, "कोण आहे?" भोंगाताई तिचा हात धरून आपल्या गालावर ठेवायची. देवाने थट्टा करावी, पण इतकी? न्यायचा तर नेमका आवाज, आणि तोही आंधळ्या आईच्या लेकीचा! नशिबाला एवढा अचूक नेम कसा साधतो कोण जाणे.

कॉम्प्युटर लावला की मात्र आईला लेक परत मिळायची. पण आता तोही धापा टाकू लागला. डिस्क टकटक करायची, मध्येच स्क्रीन गोठायचा. भावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने पाहिलं आणि मान हलवली.

"ताई, डिस्क जायला आलीये. आतलं सगळं बाहेर काढायला हवं. पण याचे यूएसबी पडले जुने, कॉपी होतं ते मुंगीच्या पावलांनी. सगळं निघायच्या आत ही मान टाकेल."

तिने पाटीवर लिहिलं, 'डिस्क काढून दुसरीकडे लाव.'

"जागची हलवली तर तिथंच संपेल. त्यापेक्षा यालाच वेगवान यूएसबीचं कार्ड बसवतो. नाकापेक्षा मोती जड, पण इलाज नाही."

रविवारी तो कार्ड घेऊन आला. कॅबिनेटची एक बाजू उघडून त्याने रिकाम्या खाचेत कार्ड दाबून बसवलं, त्याला विजेची वायर जोडली. मागे नवी निळी तोंडं दिसू लागली. आधी म्हाताऱ्याने पाहुण्याला ओळखच दाखवली नाही. ड्रायव्हर टाकला, पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं, तेव्हा कुठे ओळख पटली. भावाने खिशातला पेनड्राइव्ह लावून समोर दिसली ती एक बारीकशी फाइल कॉपी करून पाहिली. पापणी लवायच्या आत झाली.

"भोंगाताई, जिंकलो! संध्याकाळपर्यंत सगळी पुस्तकं बाहेर. दुकानातून मोठी डिस्क घेऊन आलोच. तोवर हा बंद करू नकोस, पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही."

कित्येक दिवसांनी ती हसली.

आईने सगळं ऐकलं होतं. भाऊ जाताच म्हणाली, "चालू झाला ना? मग वाच की गं जरा."

तिने एक प्रवासवर्णन लावलं. कॅबिनेटची बाजू उघडीच होती, त्यामुळे घरघर आणखी वाढलेली. आईने कान पुढे केला. "नीट ऐकू येत नाहीये गं."

भोंगाताई उठली. दार लावलं, घोटभर पाणी प्यायली आणि रजई टाकली. जित्याची खोड म्हणतात ती हीच. वाचायला गळा नव्हता, तरी पाणी प्यायलीच.

आवाज स्वच्छ झाला. तरुण, ठसठशीत आवाज. आई मान डोलवू लागली, आणि लेक तिच्या पायाशी बसून आपल्यालाच ऐकू लागली. ती इतकी सुखात होती की करपल्याचा वास बराच वेळ तिच्या ध्यानातच आला नाही.

"डोंगर उतरून आम्ही नदीकाठी आलो, तर पलीकडे..." आणि आवाज थांबला.

"पलीकडे काय?" आईने विचारलं.

तिने धावत जाऊन रजई ओढली. कोपरा उघड्या बाजूने आत शिरून पंख्यात गुंतला होता. आत हात लावला तर चटका बसला. डिस्क खडखडली आणि गप्प झाली.

"पुढे वाच ना गं," आई म्हणाली. "रागावलीस का माझ्यावर?"

भाऊ नवी डिस्क घेऊन आला आणि रजई बघून दारातच थबकला. "मीच बाजू लावायला विसरलो," एवढंच म्हणाला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या माणसाकडे त्याने ती नेली. तबकडीच खरवडली गेलीये, हिच्यातून आता काही निघणार नाही, असं सांगून त्या माणसाने ती परत केली.

उरली फक्त पेनड्राइव्हमधली ती बारीकशी फाइल. आईने फारच धोशा लावला, तेव्हा एके दिवशी भावाने ती लावली. आवाज तिचाच होता, खणखणीत.

"पंखा फार घरघरतोय बाई. थांबा हं, रजई टाकते, मग वाचते."

आईचा चेहरा उजळला. "टाक, सावकाश टाक," ती म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून वाचन सुरू व्हायची वाट बघत बसली.