यंदा केकावर काय?

आमच्या घरात कुणाचा वाढदिवस जवळ आला की त्या माणसाची वागणूक एकदम सुधारायची. तो हळू बोलायचा, गाडी सावकाश चालवायचा, जेवणाला नावं ठेवायचा नाही. कारण आत्या बघत असायची. वर्षभरात तुम्ही जो काही मूर्खपणा केला असेल, तो वाढदिवसाच्या केकावर रंगीत गोळ्यांनी काढून समोर यायचा, आणि सगळ्यांच्या टाळ्यांच्या गजरात तुम्हालाच तो कापावा लागायचा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण. तिला मुरगूडला दिली होती. मूलबाळ झालं नाही. नवरा गेला तेव्हा आबा स्वतः जाऊन तिला कोल्हापूरला, मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी घेऊन आले. येताना तिने एक ट्रंक आणली आणि आपला आवाज आणला. अस्सल कोल्हापुरी बायकांसारखी ती ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलायची, आणि ती स्वयंपाकघरात बोलली की कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ऐकू जायचं. गेल्या वर्षी ती वारली, तेव्हा तो पानवाला दारात येऊन म्हणाला, “पेठ गप झाली बघा.”

गोळ्यांचा नाद तिला संक्रांतीपासून लागलेला. मुरगुडात ती नव्या नवरींसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी हलव्याचे दागिने करायची. काटेरी हलव्याचा एकेक दाणा ओवून केलेले तिचे बाजूबंद आणि मुकुट लोक मागून न्यायचे. आमच्याकडे आल्यावर शेजारणीकडून ती कुकरमधला केक शिकली. शिट्टी काढायची, तळाला मीठ पसरायचं, वर डबा ठेवायचा. केक झाला की त्यावर म्हशीच्या दुधाची घोटलेली साय फासायची आणि मग खरं काम सुरू. श्रीखंडाच्या गोळ्या, लिमलेट, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, जेलीच्या लांब कांड्या, असं सगळं ताटात मांडून ती चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायची आणि आम्हाला बाहेर हाकलायची. “व्हा भाईर! माझं ध्यान ढळतंय.”

आबांनी एकदा गुपचूप केसांना कलप लावला आणि मिशीला विसरले. त्या वर्षीच्या केकावर काळ्याभोर चॉकलेटच्या केसांचं आणि पांढऱ्याशुभ्र मिशीचं तोंड होतं. आबा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी मिशी काळी झाली. मी नवी मोटरसायकल घेऊन गंगावेशीत एका म्हशीला धडकलो, त्या वर्षी माझ्या केकावर म्हैस ऐटीत उभी होती आणि लांब एका कोपऱ्यात एक पिवळी गोळी पडली होती. “ही पिवळी गोळी कुठली?” मी विचारलं. “तूच की! म्हशीला काय झालंय? ती हाय तशी हाय.”

पेठेत फोटो छापलेले केक मिळायला लागले तेव्हा आईने एकदा सुचवून बघितलं, तुमचे हात दुखतात, आपण एखादा तसा आणू. आत्या म्हणाली, “फटू काय, मशीन छापतंय. मशीनला म्हाईत हाय व्हय हे पोरगं म्हशीवर गेलतं ते? ज्याला आपल्या माणसाची खोडी ठावं न्हाय, त्यानं केक करूने.” माया दाखवायची तिची हीच रीत होती. जो टोचून घ्यायला तयार, तो घरचा. पाहुण्यांच्या केकावर ती फक्त फुलं काढायची.

म्हणून माझ्या लग्नानंतर सगळ्यांचं लक्ष होतं, प्रणालीच्या केकावर काय येतंय याकडे. प्रणाली सांगलीची, मोजकं बोलणारी. आत्याने पहिल्याच वर्षी तिच्या केकावर भलंमोठं कुलूप काढलं. “तोंड उघड की पोरी, किल्ली म्हायेरात इसरलीस व्हय?” प्रणाली इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून दोघींचं गूळपीठ जमलं.

तिसऱ्या वर्षी आत्याने ताटावरचं फडकं काढलं आणि केकावर पाळणा होता. गुलाबी जेलीच्या दोऱ्या, श्रीखंडाच्या गोळ्यांची झालर, आत बडीशेपेच्या गोळ्यांची इवलीशी दुपटी. तिने आजवर केलेला सगळ्यात सुंदर केक असेल तो. महिनाभर प्रणालीला चहाचा वास नकोसा झाल्याचं तिने पाहिलं होतं आणि मनाशी हिशेब जुळवला होता. तिचा अंदाज चुकला नव्हता, फक्त त्याला उशीर झाला होता. दिवस राहिले होते आणि पंधरवड्यापूर्वीच सगळं संपलं होतं. कुणाला काही सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं, घरी तापाचं निमित्त सांगितलं होतं.

प्रणालीने सुरी खाली ठेवली. “होतं, आत्या,” ती म्हणाली. “दोन महिन्यांचं होतं. गेलं.” आणि ती आत निघून गेली.

मी तिच्या मागे गेलो. परत आलो तेव्हा आई डोळे पुसत होती आणि आत्या पाळण्याची एकेक गोळी चिमटीने उचलून वाटीत टाकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला मुरगुडात बायका इचारायच्या. पाळणा कवा, पाळणा कवा. प्रत्येक सणाला इचारायच्या. मी आत जाऊन रडायचो. आन् आज मीच त्या बायकांतली झालो की रे, संदीप.” तिचा आवाज एवढा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला तिचा राग येत होता आणि तिला जवळही घ्यावंसं वाटत होतं.

त्यानंतर आत्याने केक सोडले. आबांच्या वाढदिवसाला म्हणाली, “बेकरीतनं आणा. मला जमंना झालंय.” रोज सकाळी प्रणालीच्या खोलीबाहेर डिंकाचा लाडू आणि दुधाचा पेला ठेवायची आणि पाय न वाजवता निघून जायची. दोघी समोरासमोर आल्या की आत्याची मान खाली. घरात एवढी शांतता की नळाचं टपटपणं ऐकू यायचं. एकदा प्रणाली मला म्हणाली, “पाळण्याचं मी विसरेन. पण त्या माझ्यासमोर चोरासारख्या वावरतात, ते मला बघवत नाही.”

आत्याचा वाढदिवस कुणालाच ठाऊक नव्हता. विचारलं तर म्हणायची, “आखितीच्या आगंमागं.” त्यामुळे तिच्यासाठी केक कधी झालाच नव्हता. त्या वर्षी अक्षय तृतीयेला प्रणालीने स्वयंपाकघराची कडी आतून लावली. दुपारी ती ताट घेऊन बाहेर आली आणि आत्यासमोर ठेवून तिने फडकं काढलं.

केक एका बाजूला बसलेला, साय ओघळलेली. आणि मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत, लालभडक गोळ्यांची लांबच लांब जीभ.

आबा पंख्याकडे बघू लागले. आईने माझा दंड धरला. आत्या केकावर वाकली. मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

“ह्याला टोक कुठं हाय? माझ्या जिभंला टोक आसतंय.” तिने ताटातला खडीसाखरेचा एक अणकुचीदार खडा उचलला आणि जिभेच्या शेंड्याला बरोबर लावला. “हां. आता माझी दिसतीया.”

प्रणाली आधी हसली आणि मग रडायला लागली. आत्याने सुरी घेतली, अख्खी जीभ उभी कापून उचलली. “ह्यो तुकडा कुणाला न्हाय. ही जीभ माझी मीच गिळतो आज. सगळी.”

तिने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. दुसरा तिला गिळवेना. तेव्हा प्रणालीने तिचं मनगट धरलं.

“अर्धीच खावा, आत्या. अर्धी राहू दे. या घरात मग बोलायचं कुणी?”

आत्याने अर्धीच खाल्ली.