वृषालीताई पडायला शिकतात

एसटीत बावीस वर्षं स्टिअरिंग धरलं की माणसाला दोन गोष्टी पक्क्या कळतात, रस्त्यातले खड्डे आणि गाडीतला कंडक्टर. खड्डे दर पावसाळ्याला जागा बदलतात. कंडक्टर मात्र मला सलग नऊ वर्षं एकच लाभल्या, येडगावच्या वृषालीताई. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की हॉर्न वाजवायची गरज पडू नये. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आमच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. ताई त्या गर्दीतून पुढून मागं आणि मागून पुढं अशा सरकायच्या की कुणाच्या पिशवीला धक्का लागायचा नाही. दारात कुणी खांबासारखं उभं राहिलं की म्हणायच्या, "पुढं सरका पावणं, पाय हायेत का पोती ठिवलीत?" पावणे निमूट सरकायचे.

मी तोंडाचा फाटका माणूस. माझ्याबरोबर कंडक्टर टिकत नाहीत. ताई टिकल्या, कारण मी एक बोललो तर त्या दोन बोलायच्या आणि वर डब्यातली भाकरीही द्यायच्या.

मागच्या जानेवारीत, भर दुपारी, शेताच्या वाटेनं एक मोटारसायकल टोमॅटोचे क्रेट लादून थेट डांबरीवर आली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. मोटारसायकलवाला वाचला, टोमॅटोही वाचले. ताई तेव्हा माझ्याकडं पाठ करून एका आजीचं तिकीट काढत होत्या. त्या पाठमोऱ्याच माझ्या दिशेनं फेकल्या गेल्या. उजव्या हातातलं तिकिटाचं मशीन त्यांनी छातीशी धरलं आणि डावा हात खाली टेकला. मशीनला ओरखडा आला नाही, मनगट मोडलं.

माझी चूक कुणीच काढली नाही. आगारातल्या साहेबांनी नाही, ताईंनी नाही. कुणी काढली असती तर भांडून मोकळा तरी झालो असतो.

प्लास्टर निघालं, हात सरळ झाला, पण भलतंच होऊन बसलं. चालत्या गाडीत ताईंना खांब सोडवेना. गाडी हलली की दोन्ही हातांनी खांबाला मिठी. आता कंडक्टरला दोन्ही हात खांबाला देऊन कसं चालेल? तिकीट काय दातानं काढायचं? साहेब भले माणूस. त्यांनी ताईंना आगारातल्या चौकशीच्या खिडकीवर बसवलं आणि सांगितलं, तीन महिन्यांनी लेखी द्या, गाडीवर येणार की कायमच्या इथंच. ताई खिडकीत बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडं बघायच्या. मला ते बघवायचं नाही.

एक दिवस जेवताना त्या म्हणाल्या, "भाऊ, मी कायतरी शिकावं म्हणते. कराटे म्हना, दुसरं कायतरी म्हना. अंगात धीर यील."

झालं. आपल्याकडं सल्ला मागावा लागत नाही, नुसतं तोंड उघडलं तरी पुरतं. सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं की बाईला गाडीतल्या टग्यांना बडवायचंय. ताईंची लेक स्नेहा कॉलेजात शिकते, तिनं कराटेच्या क्लासची माहिती आणली. ताईंचे वडील तुळशीदास तरुणपणी समता सैनिक दलात होते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ते काठी फिरवायला लागले की गावानं अंतर राखून बघायचं. त्यांनी माळ्यावरची काठी काढून तेल लावून ठेवली.

आणि मी? मी निरगुडसरचा, पैलवानाच्या घरातला. माझ्या मते जगात कुस्ती हा एकच खेळ, बाकी सगळी कवायत. "रोज दोनशे बैठका मारा ताई," मी म्हणालो, "खुंट्यावानी उभ्या ऱ्हाल. आमच्या घरात पाठीला माती लागू देत न्हाईत." हे पूर्ण खरं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी निमगाव साव्याच्या जत्रेत मी चितपट झालो होतो आणि वडील पंधरा दिवस माझ्याशी बोलले नव्हते. पण सल्ला देताना असल्या गोष्टी कोण सांगतं?

ताईंनी सगळं मनापासून करून पाहिलं. कराटेला तीन दिवस गेल्या. सरांनी गुद्दे शिकवले, समोर गुंड आहे असं समजा म्हणाले. ताई मला सांगत होत्या, "मला गुंडच दिसंना, भाऊ. मला पाडलं ब्रेकनं. आता ब्रेक कोणी मारला, त्याला गुद्दा घालू का?" त्या हसल्या. मीही हसलो, पण डबा अर्धाच ठेवून झाकण लावलं.

काठी त्यांना आवडली. वडिलांच्या हाताखाली अंगणात आठ दिवस फिरवली. पण काठीला अंगण लागतं, आणि एसटीत दोन सीटांच्या मधे हातभर बोळ. "हितं काठी फिरवली तर मानसं बिनतिकिटाची पळून जातील," ताई म्हणाल्या. माझ्या बैठकांनी त्यांचे गुडघे दुखायला लागले, तेही त्यांनी मला चार दिवसांनी सांगितलं, मला वाईट वाटू नये म्हणून.

मग मंचरच्या आरती मॅडमचं नाव कळलं. त्या एका हॉलमध्ये ज्युदो शिकवतात. सुट्टीच्या दिवशी मीच ताईंना माझ्या मोटारसायकलवर घेऊन गेलो. मॅडम तिशीच्या, केस कापलेले, बोलणं मोजकं. त्यांनी आधी एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कुणालाही दोन महिन्यांत सुचला नव्हता.

"तुम्हाला हे कशासाठी शिकायचंय?"

ताई म्हणाल्या, "मला पडायची भीती वाटती. ती गेली की मला गाडीवर जायचंय. मारायचं कुनालाच नाय."

"मग आधी पडायला शिकू," मॅडम म्हणाल्या. "उभं राहायला कुस्ती चांगली, हिंमतीला कराटे चांगलं, काठीही चांगली. पण आमच्याकडं पहिला धडाच पडायचा असतो. पाठ टेका गादीवर."

मी कोपऱ्यात बसलो होतो, तो उठलोच. "मॅडम, पाठ टेकवायला शिकवताय तुमी? आवं, आमच्यात पाठ टेकली की मानूस हारला."

"तुमच्यात हरतो," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात वाचतो. बसा."

मी बसलो. दर रविवारी जाऊन बसत राहिलो. मॅडमनी शिकवलं की पडताना हात मागं टेकायचा नाही, मनगट तिथंच जातं. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही. गुडघे मोडत खाली बसायचं, पाठ गोल करून मागं लोळायचं आणि श्वास सोडायचा. तिसऱ्या रविवारी त्यांनी हॉलमधली बाकडी दोन ओळींत लावून गादीवर एसटीएवढा बोळ केला. ताई हातात कंपासपेटी धरायच्या, मशीन म्हणून. मॅडम मागून पट्टा ओढायच्या आणि ताई पडायच्या. पहिल्या दिवशी रडल्या. चौथ्या रविवारी पडता पडता मला ओरडल्या, "भाऊ, झोपू नका, मोजा." एका तासात एकेचाळीस वेळा पडल्या. घरात आजोबांपासून चालत आलेली माझी अक्कल त्या गादीवर दर रविवारी थोडी थोडी चितपट होत होती, आणि खरं सांगतो, मला मजा येत होती.

तीन महिने भरले तेव्हा ताईंनी साहेबांना लेखी दिलं नाही. एक आठवडा गाडीवर जाऊन बघते, मग देते, म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मी गाडी अशी चालवली की आत बाळंतीण झोपली असावी. म्हशी पुढं निघून जात होत्या. निमगाव साव्याला, शेवटच्या थांब्यावर, सगळे उतरले तेव्हा आम्ही वीस मिनिटं उशिरा होतो. ताईंनी दिवसभर तिकिटं काढली होती, पण तोंड माझ्याकडं करून, एक कोपर खांबात अडकवून, नजर माझ्या पायावर.

परतीला पहिल्या थांब्यापर्यंत गाडी रिकामी असते. पुढं सरळ, मोकळा रस्ता. ताई माझ्याकडं पाठ करून बोळाच्या मधोमध उभ्या राहिल्या. (पुढचं आमच्या साहेबांनी वाचू नये.)

"भाऊ, वेग घ्या. आन् मी न सांगता ब्रेक मारा. खरा."

मी वेग घेतला. पाय ब्रेकवर ठेवला. गाडी हळूहळू थांबली.

"ह्यो ब्रेक व्हय? पुन्यांदा."

दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा तर पाय ब्रेकपर्यंत गेलाच नाही. ताई पुढं आल्या, माझ्या सीटमागच्या दांडीला धरून वाकल्या आणि हळू आवाजात बोलल्या. त्यांचा हळू आवाज मी नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

"पडले मी. हात माझा मोडला. आन् इतके दिस भ्याताय तुमी. तुमी असे भ्यायलात तर रस्त्यात लेकरू आडवं आल्यावर काय करनार?"

त्या परत बोळात जाऊन उभ्या राहिल्या. मी गाडी काढली, गिअर टाकला, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी रस्त्यावरची नजर हलवली नाही. मग दाबला. जानेवारीत दाबला होता तसा.

मागं धप्प आवाज झाला. आरशात पाहिलं तर बोळ रिकामा. मग सीटांच्या मधून आधी तिकिटाचं मशीन वर आलं, मागून ताईंचं डोकं. खाकी झटकत त्या म्हणाल्या, "आता रडत बसा नायतर गाडी काढा. लोक थांबलेत."

पुढच्या थांब्यावर आमची रोजची भाजीवाली सारजाबाई आणि तिच्याबरोबरच्या आठ-दहा बायका भाजीची गाठोडी घेऊन उभ्या होत्या. त्या चढल्या, गाडी भरली, ताईंनी घंटी दिली आणि मी माझ्या नेहमीच्या वेगानं निघालो. आरशात मला ताईंची फक्त पाठ दिसत होती. गर्दीतून त्या मागं मागं सरकत होत्या, आणि त्यांचे दोन्ही हात तिकिटाच्या मशीनवर होते.